४१६४१६ : सांगलीच्या पिनकोडाविषयी वाचकांचे प्रश्न

गणितविषयक प्रश्नोत्तरांच्या या सदरात एरवी प्रत्येक पत्राचा विषय वेगळा असतो. या वेळी मात्र सांगली, मिरज, माधवनगर, विश्रामबाग आणि सातारा येथून आलेली पत्रे एकाच संख्येविषयी असल्यामुळे सगळी जागा त्या संख्येला दिली आहे. ती संख्या म्हणजे सांगली शहराचा पिनकोड, ४१६४१६. पत्रे संक्षिप्त केली आहेत, परंतु प्रश्नांचा आशय बदललेला नाही. उत्तरे देताना एक पथ्य मी पाळले आहे. काही गुणधर्म त्या संख्येचे स्वतःचे असतात, तर काही केवळ आपण ती दशमान पद्धतीत लिहितो म्हणून दिसतात. हे दोन प्रकार वेगळे ओळखता आले, तर अंकांच्या गमतींतून खऱ्या गणिताकडे जाता येते, असे माझे ठाम मत आहे. त्यामुळे कोणता गुणधर्म कोणत्या प्रकारात मोडतो, हे जागोजागी सांगितले आहे.

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. भागाकाराचा सराव म्हणून मी तिला आमच्या पिनकोडाला, म्हणजे ४१६४१६ ला, ७ ने भागायला सांगितले. ५९४८८ आले आणि बाकी काही उरली नाही. तिने ५९४८८ ला ११ ने भागले, तेव्हा ५४०८ आले. त्याला १३ ने भागले, तेव्हा नेमके ४१६ आले. असे का झाले? हे आमच्या पिनकोडाचेच वैशिष्ट्य आहे का? — एक पालक, गावभाग, सांगली

उत्तर : आपल्या मुलीने एका भागाकारावर न थांबता पुढे भागून पाहिले, याबद्दल तिचे मनापासून कौतुक करावेसे वाटते. ४१६४१६ म्हणजे ४१६ हजार आणि त्यात आणखी ४१६. दुसऱ्या शब्दांत, ४१६ ची हजार पट आणि ४१६ ची एक पट मिळून ४१६ ची १००१ पट. आता ७ × ११ = ७७ आणि ७७ × १३ = १००१. त्यामुळे ७, ११ आणि १३ यांनी एकापाठोपाठ एक भागणे म्हणजे एकदाच १००१ ने भागणे होय, आणि तसे केल्यावर सुरुवातीची ४१६ ही संख्या परत मिळणारच. १०० पासून ९९९ पर्यंतची कोणतीही तीन अंकी संख्या दोनदा शेजारी शेजारी लिहिली, तरी हेच घडते. अशा सहा अंकी संख्या ९०० आहेत, म्हणून एवढे वैशिष्ट्य एकट्या सांगलीचे नाही.

मात्र एक पाऊल पुढे टाकले की सांगलीचे वेगळेपण दिसू लागते. ४१६ चे मूळ अवयव पाडल्यास २ हा पाच वेळा आणि १३ हा एकदा येतो. म्हणजे १००१ मध्ये एक १३ आधीच आहे आणि ४१६ मधून दुसरा येतो. ४१६४१६ = २ × २ × २ × २ × २ × ७ × ११ × १३ × १३. वर सांगितलेल्या ९०० संख्यांपैकी केवळ ६९ संख्यांना १६९ ने, म्हणजे १३ च्या वर्गाने, पूर्ण भाग जातो, आणि सांगलीचा पिनकोड त्या ६९ मध्ये आहे. ही मूळ अवयवांची ओळ मुलीला वहीत लिहून ठेवायला सांगावी, कारण खालची निम्मी उत्तरे तिच्यातूनच निघतात.

याच १००१ मुळे ७, ११ आणि १३ यांची एक सोपी कसोटी मिळते. सहा अंकी संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन गट पाडावेत आणि मोठ्या गटातून लहान गट वजा करावा. उरलेल्या संख्येला ज्याने भाग जातो, त्याने मूळच्या संख्येलाही जातो. साताऱ्याचा पिनकोड ४१५००१ घ्या. ४१५ मधून १ वजा केल्यावर ४१४ उरतात. ४१४ ला ७, ११ आणि १३ यांनी भागल्यास अनुक्रमे १, ७ आणि ११ बाकी राहते, म्हणून साताऱ्याच्या पिनकोडाला या तिघांपैकी एकानेही पूर्ण भाग जात नाही. सांगलीच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच असल्याने वजाबाकी शून्य येते आणि तिन्ही कसोट्या एकदम पार पडतात.

पिनकोडात हे ४१६ दोनदा का आले, हेही सांगायला हवे. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिची आखणी केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. तिच्यात पहिल्या तीन अंकांवरून टपालाची वर्गवारी होते आणि शेवटच्या तीन अंकांवरून वाटप करणारे कार्यालय कळते. कोल्हापूरचा ४१६००१ हा पिनकोडही ४१६ नेच सुरू होतो. या गटात सांगलीच्या कार्यालयाला ४१६ हाच क्रमांक मिळाल्याने दोन्ही गट जुळले. तो क्रमांक देताना १००१ चा विचार कोणी केला असेल असे मानण्याचे कारण नाही. जुळणी योगायोगाची आहे. त्या जुळणीतून पुढे जे निघते, त्यात मात्र योगायोगाला जागा नाही.

प्रश्न : मी फरशी बसवण्याचे काम करतो. समजा, माझ्याकडे ४१६४१६ सारख्या चौकोनी फरश्या आहेत आणि एकही न तोडता, एकही शिल्लक न ठेवता त्या आयताकृती मैदानात बसवायच्या आहेत. किती प्रकारे बसतील? आणि मैदान शक्य तितके चौरस हवे असेल, तर लांबी-रुंदी किती ठेवावी? — एक वाचक, माधवनगर

उत्तर : आपला प्रश्न विभाजकांचा आहे आणि तो आपण अगदी अचूक मांडला आहे. विभाजक तयार करताना २ हा शून्यापासून पाच वेळांपर्यंत घेता येतो, म्हणजे सहा पर्याय. ७ घ्यायचा किंवा सोडायचा, असे दोन. ११ चेही दोन. आणि १३ शून्य, एक किंवा दोन वेळा, असे तीन. ६ × २ × २ × ३ = ७२, म्हणून ४१६४१६ चे ७२ विभाजक आहेत. दोन-दोन विभाजकांची एक जोडी म्हणजे एक आयत, त्यामुळे ३६ निरनिराळे आयत होतील. सगळ्यांत निमुळता आयत एका ओळीत सर्व फरश्या मांडल्याचा, तर चौरसाच्या सगळ्यांत जवळचा ६१६ × ६७६ चा. या दोन्ही बाजू उलट वाचल्या तरी तशाच राहतात, हे पाहून मला स्वतःला फार आनंद झाला. पण तो गुण अंकांच्या लेखनाचा आहे. संख्येचा खरा गुण असा, की ६७६ हा २६ चा वर्ग आहे आणि ६१६ मध्ये ७ व ११ हे दोन्ही अवयव आले आहेत.

ही जोडी शोधण्याची एक सुंदर रीत सतराव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांनी दिली. दिलेल्या संख्येच्या वर्गमुळाहून किंचित मोठी पूर्ण संख्या घ्यावी, तिचा वर्ग करावा आणि त्यातून दिलेली संख्या वजा करावी. बाकी पूर्ण वर्ग आली, तर अवयव मिळाले. न आल्यास पुढची संख्या घेऊन पुन्हा तेच करावे. ४१६४१६ चे वर्गमूळ ६४५ आणि ६४६ यांच्या दरम्यान आहे. ६४६ चा वर्ग ४१७३१६. त्यातून ४१६४१६ वजा केल्यास ९०० उरतात, आणि ९०० हा ३० चा वर्ग. म्हणून ४१६४१६ = ६४६ चा वर्ग वजा ३० चा वर्ग = (६४६ − ३०) × (६४६ + ३०) = ६१६ × ६७६. या रीतीत अनेकदा दहा-वीस संख्या तपासाव्या लागतात. येथे पहिल्याच पावलाला उत्तर मिळते, कारण दोन्ही बाजू एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत.

जाता जाता एवढे सांगतो, की सर्व ७२ विभाजकांची बेरीज ११,०६,७८४ होते. त्यातून ती संख्या वगळली तरी ६,९०,३६८ उरतात, म्हणजे संख्येहून अधिकच. अशा संख्येला विपुल संख्या म्हणतात.

प्रश्न : मी गणित विषय घेऊन पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ४१६४१६ ही दोन पूर्ण वर्गांच्या बेरजेच्या रूपात लिहिता येईल का? संगणकावर शोधले तर एकही जोडी सापडली नाही. पण ती नसल्याची सिद्धता हवी आहे. — एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : संगणकाने दिलेल्या उत्तरावर समाधान न मानता आपण सिद्धता मागितली, हे गणिताच्या विद्यार्थ्याला शोभणारे आहे. अशी जोडी नाही, आणि ते दाखवायला एकटा ७ पुरेसा आहे. कोणत्याही पूर्ण वर्गाला ७ ने भागल्यास बाकी ०, १, २ किंवा ४ यांपैकीच एक येते. ०, १, २, ३, ४, ५, ६ यांचे वर्ग करून हे लगेच तपासता येईल. आता १, २, ४ यांतील कोणत्याही दोन बाक्या मिळवल्या, तोच अंक दोनदा घेतला तरी, बेरजेला ७ ने पूर्ण भाग जात नाही. म्हणजे दोन वर्गांच्या बेरजेला ७ ने भाग जायचा असेल, तर दोन्ही बाक्या शून्यच असायला हव्यात. तसे असेल तर दोन्ही मूळ संख्यांना ७ ने भाग जातो, त्यांच्या वर्गांना ४९ ने जातो आणि बेरजेलाही ४९ ने जातो. परंतु ४१६४१६ च्या अवयवांत ७ एकदाच आहे. ४९ ने तिला भाग जात नाही. तेव्हा ती दोन वर्गांची बेरीज असूच शकत नाही.

हाच युक्तिवाद ११ साठीही चालतो. १३ ची मात्र काहीच अडचण नाही, कारण १३ स्वतःच ९ आणि ४ यांची बेरीज आहे. सर्वसाधारण नियम असा : ४ ने भागल्यावर ज्यांची बाकी ३ येते, असे मूळ अवयव प्रत्येकी सम वेळा आले, तरच संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते. ७ आणि ११ या दोघांचीही बाकी ३ आहे. म्हणून तीन अंकी गट दोनदा लिहून झालेली संख्या दोन वर्गांची बेरीज व्हायची असेल, तर त्या गटात आणखी एक ७ आणि आणखी एक ११ असावाच लागतो, म्हणजे तो गट ७७ च्या पटीत हवा. उदाहरणार्थ, १५४१५४ = ३८५ चा वर्ग + ७७ चा वर्ग.

दोन वर्गांनी जे साधत नाही, ते तीन वर्गांनी साधते. ४१६४१६ मधून जो सर्वांत मोठा पूर्ण वर्ग बाहेर काढता येतो तो २७०४, म्हणजे ५२ चा वर्ग, उरतात १५४. आणि १५४ = ८१ + ६४ + ९, म्हणजे ९, ८ आणि ३ यांचे वर्ग. प्रत्येकाला ५२ ने गुणले, की ४१६४१६ = ४६८ चा वर्ग + ४१६ चा वर्ग + १५६ चा वर्ग. मधल्या पदात ४१६ स्वतःच अवतरले आहे, याकडे लक्ष द्यावे. २१९०२४ + १७३०५६ + २४३३६ अशी बेरीज करून आपण खात्री करून घ्या. १५४ = १४४ + ९ + १ असेही मांडता येते, आणि त्यावरून ६२४, १५६ व ५२ यांच्या वर्गांची दुसरी मांडणी मिळते.

प्रश्न : कापरेकरांची ६१७४ ही संख्या मी अनेक वर्षे शाळेत मुलांना दाखवीत असे. त्यांची ती रीत सहा अंकी पिनकोडांवर वापरली तर काय होते? सांगली आणि मिरज एकाच संख्येला पोहोचतात का? — एक निवृत्त शिक्षक, मिरज

उत्तर : सर, आपल्या पत्राने मला कागद-पेन्सिल घेऊन बसायला लावले आणि त्यातून जे हाती आले, ते या सदरातले मला सर्वांत आवडलेले उत्तर आहे.

ज्या वाचकांना ही रीत ठाऊक नाही, त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे देवळालीच्या शाळेतले शिक्षक. त्यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले, की सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने लिहून दोहोंची वजाबाकी करावी आणि आलेल्या उत्तरावर तेच करीत राहावे, की जास्तीत जास्त सात पावलांत ६१७४ येतेच. पिनकोड सुरू झाला ते १९७२ हे वर्षच घेऊन पाहू : ९७२१ − १२७९ = ८४४२. त्यानंतर क्रमाने ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या पावलाला ६१७४.

सहा अंकांत परिस्थिती निराळी आहे. तेथे एकच मुक्काम नसून तीन आहेत. ५४९९४५ ही संख्या स्वतःकडेच परत येते, ६३१७६४ हीसुद्धा स्वतःकडे परत येते, आणि याखेरीज सात संख्यांचे एक चक्र आहे. सर्व अंक सारखे असलेल्या संख्या सोडल्या, तर प्रत्येक सहा अंकी संख्या या तिन्हींपैकी कोठेतरी जाऊन थांबते.

आता सांगली. ४१६४१६ चे अंक उतरत्या क्रमाने ६६४४११ आणि चढत्या क्रमाने ११४४६६. त्यांची वजाबाकी ५४९९४५. एका पावलात मुक्काम! पडताळा म्हणून पुढे जाऊन पाहा : ९९५५४४ − ४४५५९९ = ५४९९४५.

मिरजेचा पिनकोड ४१६४१०. ६४४११० मधून ०११४४६ वजा केल्यास ६३२६६४. मग ६६६४३२ − २३४६६६ = ४३१७६६. मग ७६६४३१ − १३४६६७ = ६३१७६४. म्हणजे मिरज तीन पावलांत दुसऱ्या स्थिर संख्येला पोहोचते. आपल्या प्रश्नाचे उत्तर असे, की नाही. महानगरपालिका एक असली, तरी या रीतीत दोन्ही शहरांचे मुक्काम वेगळे आहेत.

राहिले चक्र. विश्रामबागेचा पिनकोड ४१६४१५, सांगलीच्या अगदी लगतचा. त्याची वाटचाल अशी होते : ५३९९५५, ६३९९५४, ६५०८४४, ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४ आणि नवव्या पावलाला ४२०८७६. तेथून पुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६. हेच ते सात संख्यांचे चक्र, आणि विश्रामबाग त्यातच फिरत राहते. एका महानगरपालिकेच्या हद्दीतले हे तीन पिनकोड तिन्ही शक्यता एकेक करून दाखवतात. वर्गात शिकवायला याहून चांगले उदाहरण मला तरी सुचणार नाही. साताऱ्याचा ४१५००१ कोठे जातो, हेही पाहिले. ५४११०० − ००११४५ = ५३९९५५, म्हणजे पहिल्याच पावलाला सातारा विश्रामबागेच्या वाटेवर येतो आणि त्याच चक्रात जातो.

हे का घडते, ते सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही. अंक उतरत्या क्रमाने मांडले, की तीन फरक महत्त्वाचे ठरतात : पहिला व सहावा, दुसरा व पाचवा, आणि तिसरा व चौथा. पहिल्या फरकाला ९९,९९९ ने, दुसऱ्याला ९,९९० ने आणि तिसऱ्याला ९०० ने गुणून बेरीज केली, की वजाबाकीचे उत्तर मिळते. प्रत्यक्ष अंक कोणते, याला काही महत्त्व नाही; केवळ हे तीन फरक मोजले जातात. विश्रामबाग आणि सातारा या दोहोंचे फरक ५, ४ आणि ० असेच आहेत, म्हणून त्यांचे पहिले उत्तर एक आले. एकच गट दोनदा लिहिलेल्या संख्येत प्रत्येक अंक जोडीने येतो, त्यामुळे तिसरा फरक नेहमी शून्य असतो आणि पहिले दोन सारखे असतात. म्हणून उत्तर म्हणजे सर्वांत मोठा व सर्वांत लहान अंक यांतील फरक गुणिले १,०९,९८९. सांगलीत तो फरक ६ − १ = ५ आहे, आणि ५ × १,०९,९८९ = ५,४९,९४५. मधला ४ कितीही बदलला, पण १ आणि ६ यांच्या दरम्यान राहिला, तरी उत्तर बदलणार नाही. हिशेब केला, तर वरच्या ९०० संख्यांपैकी १३९ संख्यांमध्ये हा फरक ५ असतो आणि त्या सर्व एकाच पावलात ५४९९४५ ला येतात.

कापरेकरांच्याच दोन कल्पना येथे आणखी लागू पडतात. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो, तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटले. ४ + १ + ६ + ४ + १ + ६ = २२ आणि ४१६४१६ ÷ २२ = १८९२८, म्हणून सांगलीचा पिनकोड हर्षद आहे. मिरज, विश्रामबाग आणि सातारा यांच्या अंकांची बेरीज अनुक्रमे १६, २१ आणि ११ येते, पण तिघांनाही आपापल्या बेरजेने पूर्ण भाग जात नाही. दुसरी कल्पना स्वयंभू संख्येची. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही, ती स्वयंभू. अशा संख्यांना कापरेकरांनी देवळालीचेही नाव दिले होते. सांगलीचा पिनकोड स्वयंभू नाही. ४१६३८७ च्या अंकांची बेरीज २९, आणि ४१६३८७ + २९ = ४१६४१६.

प्रश्न : अंकांची बेरीज २२ आणि त्याची पुन्हा बेरीज ४. अंकशास्त्राप्रमाणे हा पिनकोड शुभ मानावा का? — एक वाचक, सांगली

उत्तर : पिनकोड हा टपाल पोहोचवण्यासाठी दिलेला क्रमांक आहे, त्यावरून गावाचे किंवा माणसाचे बरेवाईट ठरत नाही. त्या ४ चा गणितातला अर्थ एवढाच, की ४१६४१६ ला ९ ने भागल्यास बाकी ४ राहते. त्यामुळे तिला ३ ने किंवा ९ ने भाग जात नाही.

प्रश्न : आपण दहाच्या ऐवजी दुसऱ्या पायावर मोजत असतो, तर ४१६४१६ चे हे सगळे गुण नाहीसे झाले असते का? — एक अभियंता, विश्रामबाग

उत्तर : काही नाहीसे झाले असते, काही जसेच्या तसे राहिले असते, आणि हा भेद पाहण्यासाठी आपला प्रश्न फार मोलाचा आहे. ७२ विभाजक, ६१६ व ६७६ या संख्यांची जोडी, दोन वर्गांत न मावणे आणि तीन वर्गांत मावणे, हे सर्व कोणत्याही पायावर तसेच राहते, कारण ते फरश्यांच्या प्रत्यक्ष संख्येचे गुण आहेत. एकच गट दोनदा दिसणे, अंकांची बेरीज, हर्षद असणे आणि कापरेकरांचे पाऊल हे दहाच्या पायावर अवलंबून आहेत.

पाया बदलला, की वेगळे काहीतरी दिसू लागते. १३ हा पाया घेऊन पाहा. ४१६४१६ मध्ये १३ चा पाचवा घात ३७१२९३ एकदा मावतो, चौथा घात २८५६१ एकदा, तिसरा घात २१९७ सात वेळा, वर्ग १६९ सात वेळा, आणि मग काहीही उरत नाही. म्हणून तेराच्या पायावर हीच संख्या ११७७०० अशी लिहिली जाते. शेवटची दोन शून्ये सांगतात, की तिच्यात १३ दोनदा आहे. दहाच्या पायावर जे अवयव पाडल्यानंतरच कळले, ते येथे नुसत्या लेखनातून दिसते. दशमान लेखन १००१ उघड करते आणि १३ चा वर्ग झाकते. तेराचे लेखन नेमके उलट करते. माझ्या मते ज्याला संख्या समजून घ्यायची आहे, त्याने ती निदान दोन पायांवर लिहून पाहावी.

लगतच्या क्रमांकाचीही या दृष्टीने तुलना करता येते. विश्रामबागेचा ४१६४१५ = ३ × ५ × १७ × २३ × ७१. सांगलीच्या आणि विश्रामबागेच्या मूळ अवयवांत एकही समान नाही, आणि दोन सलग संख्यांच्या बाबतीत ते तसेच असावे लागते, कारण समान अवयव असता तर त्याने त्यांच्यातील १ या फरकालाही भाग गेला असता.

प्रश्न : एकच गट दोनदा लिहिल्याने तयार झालेली संख्या कधी पूर्ण वर्ग होऊ शकते का? सहा अंकी पिनकोडांत असा एखादा आहे का? — एक वाचक, मिरज

उत्तर : सहा अंकांत नाही, आणि कारण पुन्हा १००१ हेच आहे. पूर्ण वर्गात प्रत्येक मूळ अवयव सम वेळा येतो. १००१ मध्ये ७, ११ आणि १३ एकेकदाच आहेत, म्हणून तीन अंकी गटाने त्या तिघांचीही आणखी एकेक प्रत पुरवायला हवी. म्हणजे तो गट १००१ च्या पटीत हवा. तीन अंकी संख्या १००१ च्या पटीत असू शकत नाही. सांगलीचे ४१६ यांपैकी केवळ १३ पुरवते, म्हणून ६७६ हा वर्ग आत मिळतो, पण संपूर्ण संख्या वर्ग होत नाही.

गटाचे अंक वाढवले, तर १००१ च्या जागी १०००१, १००००१ अशा संख्या येतात. गट दोन वेळा लिहिण्यातून पूर्ण वर्ग मिळायचा असेल, तर या गुणक संख्येतच एखाद्या मूळ अवयवाचा वर्ग दडलेला असायला हवा. नाहीतर गटाला गुणकाएवढेच मोठे व्हावे लागते आणि ते शक्य नसते. एक अंकी गटापासून दहा अंकी गटापर्यंत एकाही गुणकात असा वर्ग नाही. अकरा अंकी गटासाठीचा गुणक १,००,००,००,००,००१ हा आहे, आणि त्याला १२१ ने, म्हणजे ११ च्या वर्गाने, पूर्ण भाग जातो, भागाकार ८२६४४६२८१. त्याला १६ ने गुणले, की १३२२३१४०४९६ हा अकरा अंकी गट मिळतो. १६ ने गुणण्याचे कारण असे, की त्याहून लहान वर्गाने, म्हणजे १, ४ किंवा ९ ने, गुणल्यास गटाचे अकरा अंक भरत नाहीत. हा गट दोनदा लिहिला, की १३२२३१४०४९६१३२२३१४०४९६ ही बावीस अंकी संख्या तयार होते, आणि ती ३६३६३६३६३६४ या संख्येचा पूर्ण वर्ग आहे.